‘जरा विचारायचे होते…’ : परदेशी बँकेत खाते उघडताना

व्यापारी घराण्याला बँक नवी नसते. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ किंवा सोलापूरचे कापड यांचा व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांत रोजमेळ, खतावणी, हुंडी, ओव्हरड्राफ्ट हे शब्द मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत असतात. दिवाळीच्या वहीपूजनाला शाखाधिकारी घरी येतात आणि ‘शेठजी, काही काम असेल तर निरोप पाठवा’ असे सांगून जातात. परंतु याच घरातील मुलगा उच्च शिक्षणासाठी शेफील्डला जातो, मुलगी नोकरीनिमित्त लंडनला पोहोचते किंवा नवी सून लग्नानंतर लेस्टरला संसार मांडते, तेव्हा पहिल्याच महिन्यात बँकेच्या मेजासमोर तिचे शब्द अडतात. व्यवहाराचे ज्ञान असते, आकडेमोड तोंडपाठ असते, शाळेत इंग्रजीला गुणही चांगले मिळालेले असतात. अडते ते विचारण्यापाशी.

लेस्टरमध्ये १९७२ नंतर युगांडा व पूर्व आफ्रिकेतून आलेली गुजराती जैन कुटुंबे स्थिरावली. त्यांना शेजारी आपला होता, दुकानदार आपला होता, बँकेत सोबत येणारा मामा-काकाही होता. आज आपल्या भागातून जाणारे तरुण एकेकटे जातात. पगार, घरभाडे, विजेचे बिल, मोबाइलचा करार या सर्वांची वाट ब्रिटनमध्ये बँकखात्यातूनच जाते. ज्या सुनेचे स्वतःच्या नावाचे खाते नाही, तिचा प्रत्येक पैसा दुसऱ्याच्या नावावरून फिरतो. त्यामुळे खाते उघडणे हे तेथील स्वावलंबनाचे पहिले पाऊल ठरते, आणि ते पाऊल इंग्रजीत टाकावे लागते.

आपल्याकडे या बाबतीत एक सोय आहे. खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची पावती, पासबुक अशी ग्राहकाच्या वापरातील छापील सामग्री इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत असावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ब्रिटनमध्ये मराठी अर्ज मिळणार नाही. म्हणून निघण्यापूर्वीच थोडी तयारी हवी. ही तयारी फार मोठी नाही, कारण तिचा अर्धा भाग आपल्या मातृभाषेने अगोदरच करून ठेवलेला आहे.

साचा आपल्याच भाषेतला

आपण परक्या, मोठ्या किंवा कामात गढलेल्या माणसाला प्रश्न विचारतो तेव्हा तो थेट फेकत नाही. ‘शुल्क किती?’ असे आपण भाजीवाल्याला विचारू. शाखाधिकाऱ्याला मात्र ‘शुल्क किती आहे, ते सांगाल का?’ असे विचारतो. मूळ प्रश्न आत राहतो आणि त्याभोवती ‘ते सांगाल का’ हे विनंतीचे वेष्टन येते. इंग्रजीतही नेमके हेच घडते. तेथे अशा रचनेला इनडायरेक्ट क्वेश्चन, म्हणजे अप्रत्यक्ष प्रश्न म्हणतात. फरक इतकाच की, मराठीत वेष्टन मागून येते आणि इंग्रजीत ते पुढे येते: ‘कुड यू टेल मी…’

दुसरे साम्य तर याहून सुंदर आहे. आपण शिष्टाचाराने म्हणतो, ‘जरा एक विचारायचे होते.’ विचारायचे तर आत्ता असते, पण ‘होते’ म्हटल्याने आग्रह सौम्य होतो आणि समोरच्याला नकाराची मोकळीक राहते. इंग्रज माणूस याच जागी ‘आय वॉज वंडरिंग…’ म्हणतो. त्यातील भूतकाळ हा घड्याळाचा भूतकाळ नव्हे, अदबीचा आहे. मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ओळख पटवून द्यावी लागते, इतकेच.

मग अडचण कोठे येते? आपण शाळेत व्याकरण शिकलो तेव्हा प्रश्न म्हणजे ‘व्हॉट इज’, ‘व्हेन डू’, ‘कॅन आय’ हाच साचा पाठ केला. शब्द बरोबर असतात, परंतु इंग्रजी कानाला असे सलग पाच-सहा प्रश्न उलटतपासणीसारखे वाटतात. खिडकीमागचा कर्मचारी रागावत नाही; तो फक्त त्रोटक उत्तरे देऊ लागतो. आपल्यालाही आपले काहीतरी चुकते आहे असे जाणवते आणि उरलेले प्रश्न आपण गिळून टाकतो. न विचारलेल्या त्या प्रश्नांची किंमत पुढे शुल्काच्या रूपाने मोजावी लागते.

चार नियम

पहिला नियम क्रियापदाच्या जागेचा. थेट प्रश्न असा: ‘व्हॉट इज द मंथली फी?’ अप्रत्यक्ष प्रश्न असा: ‘कुड यू टेल मी व्हॉट द मंथली फी इज?’ येथे ‘इज’ उचलून शेवटी गेले. मराठी वाक्य शेजारी ठेवून पाहावे: ‘मासिक शुल्क किती आहे, ते सांगाल का?’ आतल्या प्रश्नात आपला ‘आहे’ शेवटी येतो, तसाच येथे ‘इज’ शेवटी येतो. ‘कुड यू टेल मी व्हॉट इज द मंथली फी’ ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक आहे. तिच्यामुळे काम अडत नाही, पण एकदा लक्षात आली की ती सहज सुटते.

दुसरा नियम ‘डू, डज, डिड’ यांचा. अप्रत्यक्ष प्रश्नात हे तिन्ही आतून गळून पडतात. ‘हाऊ लाँग डज इट टेक?’ याचे ‘डू यू नो हाऊ लाँग इट टेक्स?’ असे होते. ‘डज’ गेला, पण त्याच्या शेवटचा ‘ज’ क्रियापदाला चिकटून ‘टेक्स’ झाला, असे मुलांना सांगितले तर ते विसरत नाहीत. ‘विल’ मात्र गळत नाही, तो फक्त कर्त्याच्या मागे सरकतो: ‘व्हेन विल माय कार्ड अराइव्ह?’ याचे ‘डू यू नो व्हेन माय कार्ड विल अराइव्ह?’ असे होते.

तिसरा नियम ‘होय-नाही’च्या प्रश्नांचा. ज्या प्रश्नात काय, केव्हा, किती असा शब्द नसतो, तेथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घालावा लागतो. मराठीत आपण ‘की नाही’ म्हणतो, तेच हे. ‘या खात्यावर शुल्क आहे की नाही, ते सांगाल का?’ म्हणजे ‘कुड यू टेल मी व्हेदर देअर इज अ फी ऑन धिस अकाउंट?’

चौथा नियम लिहिण्यापुरता आहे. वेष्टन स्वतः प्रश्न असेल, जसे ‘कुड यू टेल मी’, तर शेवटी प्रश्नचिन्ह द्यावे. वेष्टन विधान असेल, जसे ‘आय वुड लाइक टू नो’ किंवा ‘आय वॉज वंडरिंग’, तर पूर्णविराम पुरतो. बँकेला ई-मेल लिहिताना हे उपयोगी पडते.

‘वुड यू माइंड’ या वेष्टनाबद्दल मात्र सावध राहावे. त्याचा शब्दशः अर्थ ‘आपली हरकत आहे का?’ असा आहे. म्हणून ‘वुड यू माइंड टेलिंग मी हाऊ धिस वर्क्स?’ याला समोरचा ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणाला तर तो नकार नसतो. ‘मुळीच हरकत नाही, सांगतो’ असा त्याचा अर्थ. उलट आपल्याला कोणी ‘वुड यू माइंड सायनिंग हिअर?’ म्हटले आणि आपण उत्साहाने ‘येस’ म्हणालो, तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो.

शब्द तेच, अर्थ निराळा

प्रश्नाचा साचा बसला तरी त्यात भरायचे शब्द योग्य हवेत. व्यापारी घरातील माणसाची येथे विशेष फसगत होते, कारण हे शब्द आपल्याला येतात अशी आपली खात्री असते.

भारतात ‘करंट अकाउंट’ म्हणजे चालू खाते. ते दुकानाचे, पेढीचे, कंपनीचे. घरच्या माणसाचे ते ‘सेव्हिंग्ज’. ब्रिटनमध्ये पगार जमा होण्यासाठी, भाडे देण्यासाठी, कार्ड वापरण्यासाठी सामान्य माणसाचे जे रोजच्या वापराचे खाते असते, त्यालाच करंट अकाउंट म्हणतात. सेव्हिंग्ज अकाउंट तेथे निव्वळ बचतीसाठी असते. त्यावर बहुधा डेबिट कार्डही मिळत नाही. सवयीने ‘आय वाँट अ सेव्हिंग्ज अकाउंट’ म्हणणारा विद्यार्थी भलतेच खाते घेऊन बाहेर पडू शकतो.

आपल्या आयएफएससी क्रमांकाच्या जागी तेथे सहा आकडी ‘सॉर्ट कोड’ असतो आणि खाते क्रमांक आठ आकडी असतो. ‘स्टँडिंग ऑर्डर’ म्हणजे आपण स्वतः बँकेला दिलेली ठरावीक रकमेची कायम सूचना. घरभाड्यासाठी ती सोयीची. ‘डायरेक्ट डेबिट’ म्हणजे विजेच्या वा फोनच्या कंपनीला आपल्या खात्यातून रक्कम उचलण्याची दिलेली परवानगी. येथे रक्कम दर महिन्याला बदलू शकते. कंपनीने चुकीची रक्कम उचलली, तर डायरेक्ट डेबिटच्या हमीनुसार ती आपल्या बँकेकडून परत मागता येते. ‘ओव्हरड्राफ्ट’ आपल्याला व्यापारातून माहीत आहे. तेथे तो विद्यार्थ्याच्या खात्यालाही जोडलेला असू शकतो. तो ‘अरेंज्ड’, म्हणजे अगोदर ठरवलेला आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

विचारलेच पाहिजेत असे प्रश्न

खाते उघडताना बँक मुख्यतः दोन गोष्टी पाहते: माणूस कोण आहे आणि तो कोठे राहतो. ओळखीसाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा पुरावा लागतो. हा पुरावा आता कार्डाऐवजी ई-व्हिसाच्या रूपात ऑनलाइन असतो. खरी कोंडी पत्त्याची. घर भाड्याने घ्यायला खाते हवे आणि खाते उघडायला घराचा पत्ता हवा, अशा फेऱ्यात नवखा माणूस सापडतो. विद्यार्थ्यांना विद्यापीठाकडून बँकेसाठी पत्र मिळते. नोकरदारांबाबत काही बँका नियोक्त्याचे पत्र स्वीकारतात. म्हणून पहिला प्रश्न हा:

‘कुड यू टेल मी व्हॉट डॉक्युमेंट्स आय नीड टू ओपन अ करंट अकाउंट?’ म्हणजे, चालू खाते उघडण्यास कोणती कागदपत्रे लागतील, ते सांगाल का?

‘आय वॉज वंडरिंग इफ यू अ‍ॅक्सेप्ट अ लेटर फ्रॉम माय युनिव्हर्सिटी अ‍ॅज प्रूफ ऑफ अ‍ॅड्रेस.’ म्हणजे, पत्त्याचा पुरावा म्हणून विद्यापीठाचे पत्र चालेल का, हे विचारायचे होते.

त्यानंतर पैशाचे प्रश्न. आपल्या घरात कोणताही सौदा दर ठरवल्याशिवाय होत नाही. येथेही तो होऊ नये.

‘कुड यू टेल मी व्हेदर देअर इज अ मंथली फी?’ म्हणजे, मासिक शुल्क आहे की नाही?

‘डू यू नो हाऊ मच इट कॉस्ट्स टू रिसीव्ह मनी फ्रॉम इंडिया?’ म्हणजे, भारतातून आलेले पैसे जमा करून घेण्यास किती खर्च येतो?

‘कुड यू एक्स्प्लेन व्हॉट हॅपन्स इफ आय गो ओव्हर माय बॅलन्स?’ म्हणजे, शिलकीपेक्षा जास्त रक्कम खर्च झाली तर काय होते?

सुरक्षिततेचा प्रश्नही विसरू नये. ब्रिटनमध्ये परवानाप्राप्त बँक बुडाली तर ठेवीदाराला दर बँकेमागे १,२०,००० पौंडांपर्यंत संरक्षण मिळते. ही मर्यादा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यापूर्वी ती ८५,००० पौंड होती. भारतात हेच संरक्षण २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मोबाइलवर पाच मिनिटांत खाते देणाऱ्या काही संस्था मात्र बँका नसतात आणि त्यांच्याकडील पैशाला हे संरक्षण थेट लागू होत नाही. म्हणून: ‘आय वुड लाइक टू नो व्हेदर माय मनी इज प्रोटेक्टेड हिअर.’

आणि नकार मिळाला तर? तेथेच वळू नये. २०१५ च्या पेमेंट अकाउंट्स रेग्युलेशन्सनुसार तेथील नऊ मोठ्या बँकांना ‘बेसिक बँक अकाउंट’ देण्याचे बंधन आहे. या खात्याला नेहमीच्या व्यवहारांसाठी शुल्क नसते आणि ओव्हरड्राफ्टही नसतो. अर्थात ओळखीची तपासणी येथेही होतेच. ‘कुड यू टेल मी व्हाय द अ‍ॅप्लिकेशन वॉज रिफ्यूज्ड?’ आणि त्यामागोमाग ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड अप्लाय फॉर अ बेसिक अकाउंट इन्स्टेड.’ ही दोन वाक्ये शांतपणे म्हणता आली, तर पुष्कळदा बंद वाटणारे दार पुन्हा उघडते.

समोरून येणारे प्रश्न

आपण अप्रत्यक्ष प्रश्न विचारायला शिकलो, तरी निम्मेच काम झाले. बँकेचा माणूसही आपल्याशी असाच बोलणार असतो. ‘कॅन आय आस्क हाऊ लाँग यू हॅव बीन अ‍ॅट धिस अ‍ॅड्रेस?’ याचे उत्तर ‘येस’ नव्हे. ‘थ्री वीक्स’ हे आहे. वेष्टन ऐकून सोडून द्यायचे आणि आतल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे. घाबरलेला माणूस वेष्टनालाच उत्तर देतो आणि थांबतो. मग दोन्ही बाजूंना अवघडलेली शांतता पसरते.

एक प्रश्न आपल्या घरांतील माणसांना विशेष बोचतो: ‘वुड यू माइंड टेलिंग मी व्हेअर द मनी विल बी कमिंग फ्रॉम?’ पैसा कोठून येणार? बाजारात ज्या घराण्याच्या शब्दावर लाखोंचा माल उचलला जातो, त्याला हा प्रश्न अपमानासारखा वाटू शकतो. तो तसा नाही. काळा पैसा रोखण्यासाठीचे २०१७ चे नियम बँकेला ग्राहकाच्या व्यवहाराचे स्वरूप जाणून घ्यायला लावतात, आणि असा प्रश्न कोणालाही विचारला जाऊ शकतो. उत्तर साधे, सरळ आणि कागदाला धरून असावे: ‘माय फादर विल सेंड मनी फ्रॉम अवर फॅमिली बिझनेस इन सांगली.’ जे कागदावर आहे तेच तोंडाने सांगावे. रक्कम जुळवून सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

न समजलेला प्रश्न समजल्यासारखा दाखवणे हा सर्वांत महाग शिष्टाचार आहे. ‘सॉरी, कुड यू टेल मी व्हॉट दॅट मीन्स?’ हे वाक्य कितीही वेळा म्हणता येते. सही करण्यापूर्वी ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत म्हणावे: ‘सो, इफ आय अंडरस्टूड यू करेक्टली, द कार्ड विल कम बाय पोस्ट.’ आपला मुनीम सौदा लिहून घेतल्यावर मोठ्याने वाचून दाखवीत असे, त्याच रीतीचा हा इंग्रजी अवतार म्हणावा.

सौम्यतेलाही मर्यादा आहे. कार्ड हरवले, खात्यातून अनोळखी रक्कम गेली किंवा कोणी फोनवरून गुप्त क्रमांक मागितला, तर तेथे आर्जवाची वाक्ये नकोत. ‘प्लीज ब्लॉक माय कार्ड नाऊ.’ इतके स्पष्ट बोलावे. फसवणूक करणाऱ्याला तर उत्तरच देऊ नये. फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा.

घरचा सराव

या सर्वांसाठी वर्ग लावण्याची आवश्यकता नाही. संध्याकाळचे जेवण आटोपले की घरातल्या घरात पंधरा मिनिटे काढावीत. एकाने बँकेचा अधिकारी व्हावे, दुसऱ्याने ग्राहक. प्रथम प्रश्न मराठीत ‘ते सांगाल का’ लावून म्हणावा, मग ‘कुड यू टेल मी’ लावून इंग्रजीत. आठवडाभराने जागा बदलाव्यात. परदेशी जाणाऱ्याबरोबर आई, सासूबाई, आजोबा यांनीही बसावे. ज्यांनी आयुष्यभर घराचा हिशेब ठेवला, त्यांना बँकेतील नेमके प्रश्न अधिक चांगले सुचतात. शब्द मुलांकडून घ्यावेत आणि प्रश्न वडीलधाऱ्यांकडून.

एक पथ्य मात्र पाळावे. सुनेच्या किंवा मुलीच्या खात्याचे प्रश्न तिनेच विचारावेत. सोबत पती असो वा दीर, त्याने शेजारी बसावे, पण तिच्या वतीने बोलू नये. पहिल्या दिवशी दहा मिनिटे अधिक लागतील, एखादे ‘इज’ चुकीच्या जागी पडेल. त्याने काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात पगार जमा झाला नाही, भाड्याची रक्कम दोनदा गेली, तर फोन उचलून विचारणारा आवाज तिचाच असेल. आपल्या घरांत खतावणी ज्याच्या हाती, त्याचा शब्द चालतो. तिच्या नावाच्या खात्यापुरती ती खतावणी तिच्या हाती असावी, आणि ती वाचण्याचे इंग्रजीही तिचेच असावे.